टाइमलाइन कुणाच्या बापाची?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे.)

मला सांगितलंय, बोल, पण सात वाजता नळाला पाणी येतं, त्याच्या आत आटप. म्हणजे मलाही टाइमलाइन दिलेली आहे. झकास. आज मी ह्याच शब्दावर बोलायला उभा आहे.

तुमच्यातले दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले. एका इंग्रजी शब्दावर काय बोलणार हा? शब्दांवर भाषणं करायची ती प्राध्यापकांनी, शाल-नारळ घेऊन. मी प्राध्यापक नाही, आणि नारळ तर कुणी आणलेला दिसत नाही. पण ह्या शब्दाने माझ्या घरात घुसून माझ्या पोरीचं एक वर्ष खाल्लं. घरात चोर शिरला तर आपण त्याचं नावगाव काढतोच की नाही? तसं मी ह्याचं काढलं.

झालं असं. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. राखीव जागांची यादी लागली, यादीत नाव आलं, घरात पेढे आले. प्रवेश पक्का करायला जातवैधता प्रमाणपत्र पाहिजे. अर्ज केलेला होता, वेळेत केलेला होता, पण प्रमाणपत्र हातात नव्हतं. शेवटच्या दिवशी आम्ही बापलेक खिडकीसमोर उभे. आतली बाई काही वाईट नव्हती. तिने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "दादा, टाइमलाइन संपली." मी म्हटलं, "कुणी संपवली?" ती म्हणाली, "कुणी नाही हो संपवली. सिस्टीममध्येच संपली."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. रात्रभर ते डोक्यात. कुणी नाही संपवली. पाऊस संपला, दिवस संपला, तशी टाइमलाइन संपली! म्हणजे आपल्या पोरीचं वर्ष गेलं आणि ते कुणी नेलंच नाही.

आता ही जागा जरा नीट बघा. आपल्या बोलीत ह्या एका शब्दाच्या जागी किती शब्द होते. मुदत. वेळापत्रक. घटनाक्रम. सनावळी. शाळेत शिकवतात ती कालरेषा. प्रत्येकाचं काम वेगळं. त्यातला 'मुदत' घ्या. मुदत म्हटलं की समोर दोन माणसं उभी राहतात, एक मुदत देणारा आणि एक मुदत मागणारा. मुदत वाढवून मागता येते. नाही दिली तर भांडता येतं, शिव्या घालता येतात. आपल्या आज्यांनी सावकाराच्या ओट्याखाली उभं राहून मुदत मागितली. अपमान होता, पण निदान सावकाराचं तोंड दिसत होतं. 'टाइमलाइन'ला तोंड नाही. ती कुणी देत नाही, ती 'असते'. आणि जी नुसतीच असते, तिच्याशी भांडणार कसं?

मी भाषाशुद्धीवाला नाही बरं का. टेबल, कप, युनियन, मोर्च्याची परमिशन, हे सगळे शब्द आपण हक्काने वापरतो आणि वापरणार. इंग्रजी शब्दाचं मला वाकडं नाही. एकाच शब्दाच्या पोटात पाच वेगळे शब्द गेले आणि त्या पाचांमागची माणसं गायब झाली, ह्याचं वाकडं आहे. म्हणून मी सवय लावून घेतली. कुणी टाइमलाइन म्हटलं की मी मनात विचारतो, कुठली? मुदत की घटनाक्रम? सनावळी की नुसता क्रम? मग लगेच पडद्याआडचा माणूस खोकतो.

ही वस्तू आली कुठून तेही शोधलं. काळ म्हणजे एक आडवी रेघ, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की वाटतं जगाच्या आरंभापासून असंच असेल. नाही. युरोपात शेकडो वर्षं सनावळ्या तक्त्यात लिहीत, रकान्याशेजारी रकाना, आपल्या हजेरीपटासारखं. १७५३ मध्ये बार्ब्यू-द्यूबूर नावाच्या फ्रेंच माणसाने इतिहासाची एक कागदी पट्टी केली. चोपन्न फूट लांब! ती पेटीत गुंडाळलेली, दांडा फिरवायचा की काळ पुढे सरकतो. आणि १७६५ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टलीने माणसांच्या आयुष्यांचा तक्ता छापला. विज्ञानाच्या पुस्तकात ऑक्सिजनच्या धड्यात भेटतो तोच हा प्रीस्टली. 'टाइमलाइन' हा शब्द काही त्याने वापरला नाही, तो त्याला 'चार्ट' म्हणायचा. पण रेघ त्याची. जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक माणसाला एक आडवी रेघ. आयुष्य जेवढं लांब, रेघ तेवढी लांब. इसवी सनापूर्वी १२०० पासून इसवी सन १८०० पर्यंत, दोन हजार माणसं, एका भिंतीवरच्या कागदावर.

आता गंमत ऐका. हा तक्ता त्याने कुणासाठी केला? वॉरिंग्टन गावातल्या एका शाळेतल्या पोरांसाठी, तिथे तो मास्तर होता. ती शाळा होती सरकारी चर्चला न मानणाऱ्यांची. त्यांची पोरं ऑक्सफर्डात शिरू शकत नव्हती, आणि केंब्रिजात शिकली तरी पदवी मिळत नव्हती. आधी आमच्या धर्मकलमांवर सही कर, मग पुढचं बोल! म्हणून त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या आणि त्यात इतिहास, विज्ञान, व्यापार शिकवला. म्हणजे आज बड्या कंपन्यांच्या काचेच्या खोल्यांत जी रेघ भिंतीवर झळकते, ती दाराबाहेर ठेवलेल्यांच्या शाळेत वाढली. त्यांचं बाहेर असणं आणि आपलं बाहेर असणं एका मापाचं नाही, हे मला कळतं. त्यांना कुणी पाण्यावरून हाकललं नव्हतं. पण ऐकून ठेवा. त्या प्रीस्टलीने पुढे फ्रेंच क्रांतीची बाजू घेतली, तेव्हा १७९१ च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅमला जमावाने त्याचं घर पेटवलं, पुस्तकं आणि प्रयोगशाळा जाळली. १७९४ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला. रेघ ओढणाऱ्यांचीही घरं जळतात.

त्याच्या तक्त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. ज्या माणसाची जन्मतारीख किंवा मरणाची तारीख नक्की ठाऊक नाही, त्याच्या रेघेला तो त्या टोकाशी ठिपके द्यायचा. माहीत आहे तिथे पक्की रेघ, माहीत नाही तिथे ठिपके. थापा मारायच्या नाहीत. आणि एक गोष्ट आवडली नाही. दोन हजार माणसं, त्यात राजे, सेनापती, धर्मपंडित, गणिती, कवी, वक्ते, इतिहासकार, सगळे. तो कागद ज्याने दाबला तो छापखान्यातला माणूस नाही. ज्याचा बोलबाला झाला त्याला रेघ मिळाली, ज्याचा नाही त्याला नाही. ठिपकासुद्धा नाही.

ठिपक्यांवरून मी माझ्या बापावर येतो.

माझ्या बापाची जन्मतारीख १ जून. तुमच्यातल्या किती जणांच्या बापाची, आज्याची १ जून आहे? हात वर करा. बघा! अर्धी वस्ती एकाच दिवशी जन्माला आली. सरकारी कचेऱ्यांमध्ये ३१ मे ला निरोपसमारंभांची रांग लागते ती ह्याच्यामुळे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, गावातला मास्तर वस्तीत यायचा, पोराच्या आईला विचारायचा, किती वर्षांचा? ती म्हणायची, एवढा! हाताने दाखवायची. मास्तर १ जून टाकायचा आणि साल असं टाकायचा की पहिलीचं वय बसलं पाहिजे. प्रीस्टलीने जिथे तीन ठिपके दिले असते, तिथे आमच्या मास्तराने ठाम तारीख दिली. त्यात त्याचा कावा नव्हता, पोरगा शाळेत घ्यायचा होता. त्याचे उपकारच आहेत. पण त्या शाईचं ओझं आम्ही तीन पिढ्या वाहतोय.

दाखल्यावर बापाचं साल १९५१. आता जातवैधता. अनुसूचित जातीच्या माणसाने काय सिद्ध करायचं? तर १० ऑगस्ट १९५० ह्या दिवशी तुझी माणसं ह्याच महाराष्ट्रात, ह्याच जातीची म्हणून राहत होती. का, तर अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ ची तारीख, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ ची. आणि सिद्ध करायचं ओझं अर्जदाराच्या डोक्यावर, तसं कायद्यातच आहे. खोटे दाखले घेऊन आपल्या जागा लाटणारे आहेत, म्हणून तपासणी हवी, ह्याला माझा विरोध नाही. पण बघा काय मागितलंय. १९५० च्या आधीचा कागद आणा. कुणाला म्हणतायत? ज्याच्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही, त्याला म्हणतायत आज्याचा शाळेचा दाखला आणा!

बापाचा दाखला १९५१ चा, म्हणजे दहा महिन्यांनी हुकलेला. आजा शाळेतच गेला नाही. मग उरतं कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूची वही, सरकारी भाषेत गाव नमुना १४. तहसिलीच्या अभिलेख खोलीत ती कापडात बांधलेली असते. मी चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला बाड सुटलं. पानं अशी की बोट लावलं की भुगा, आणि लिहिलेलं मोडीत. मोडी वाचणारा म्हातारा धरून आणला, त्याच्या चहाचे पैसे दिले, वाचायचे वेगळे दिले. त्याने बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबवलं. नोव्हेंबर १९४७. रामा, पुढे जात, पुढे 'मुलगा'. झालं, एवढंच. पोराचं नाव नाही. तीन दिवसांच्या पोराला नाव कुठलं?

मी तिथे अभिलेख खोलीच्या फरशीवर बसून रडलो. लाज नाही वाटत सांगायला. बापाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कागदावर तो मेला तेव्हाही चार वर्षांनी तरुण होता, आणि आम्ही कुणी त्याच्या खऱ्या महिन्यात त्याच्या हातावर साखर ठेवली नव्हती.

नक्कल घेऊन कचेरीत दिली. पंधरा दिवसांनी हरकत आली. दाखल्यात १९५१, कोतवाल बुकात १९४७, ह्यातलं खरं कुठलं? आणि हा 'मुलगा' म्हणजे तुमचाच बाप कशावरून? प्रश्न चुकीचा नाही. मी असतो तरी विचारला असता. पण तो प्रश्न कागदाने कागदाला विचारलेला होता, आणि उत्तर होतं माझ्या आत्याकडे. बापाची मोठी बहीण, नव्वदीच्या घरातली, अंगठा बहाद्दर. तिला विचारलं, आत्या, बाबा कधीचे? ती क्षणात म्हणाली, "चावडीवर झेंडा लागला त्या सालचा, सुगीत. गांधीबाबाला मारलं तवा ह्यो पाळण्यात व्हता. मीच झोके देत व्हते." झेंडा १५ ऑगस्ट १९४७. गांधी ३० जानेवारी १९४८. सुगी ह्या दोहोंच्या मध्ये. मोडीतला नोव्हेंबर त्या बाईने बोटाच्या पेरावर धरून ठेवला होता सत्तर-पंचाहत्तर वर्षं! मी हे कचेरीत सांगितलं तर साहेब म्हणाले, "ते तोंडी आहे."

शेवटी गृहचौकशीला माणूस घरी आला, त्याने आत्याचा जबाब लिहून घेतला, तिचा अंगठा घेतला. तोंडीचं लेखी झालं. प्रमाणपत्र आलं. प्रवेश बंद झाल्यावर एकोणीस दिवसांनी. आता माझ्या भावाच्या पोरांना त्रास होणार नाही, घरातल्या एकाची वैधता दुसऱ्याला पुरावा म्हणून चालते. पोरगीने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, प्रवेश मिळाला. पण ते एक वर्ष ती चुलतीबरोबर ब्लाउजांना हुक लावत बसली. ते वर्ष कुठल्या रेघेवर मांडायचं?

तुम्ही म्हणाल, नियम म्हणजे नियम, मुदत सगळ्यांना सारखी. ही सारखी कशी असते तेही बघू. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१६ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी तपास साठ दिवसांत पुरा करून आरोपपत्र द्यायचं. कायद्यात त्याच वर्षापासून लागू झालेली दुरुस्ती म्हणते, आरोपपत्रानंतर खटला दोन महिन्यांत संपवायचा. छान आहे ना? पण दोन महिन्यांच्या आधी एक बारीक शब्द आहे: 'शक्यतो'. शक्यतो दोन महिन्यांत. दोस्तांनो, कायद्याचं पुस्तक वाचताना हा शब्द बोटाने शोधत जा. सरकारने आपल्यासाठी काही करायचं असेल तर तिथे 'शक्यतो' असतो. आपण सरकारला काही द्यायचं असेल तर तिथे असतं 'सायंकाळी पाच वाजेपर्यंत'. माझ्या पोरीला कुणी म्हणालं नाही की पोरी, शक्यतो आजच आण.

म्हणून आपलीही हत्यारं पाजळून ठेवा. माहिती अधिकार २००५ चा, त्यात तीस दिवसांत उत्तर. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा आहे, कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा हे कचेरीत लावलेलं असलं पाहिजे, आणि उशीर झाला तर अपील आहे. अर्ज दिला की पोच घ्या. तारीख, शिक्का, सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत मारलेली हाक. मी हे पोरीच्या वेळी उशिरा शिकलो.

आणि कट-ऑफ! हा तर टाइमलाइनचा सख्खा भाऊ. मुंबईत झोपडी आहे की नाही, ही डोळ्यांनी बघायची गोष्ट राहिलेलीच नाही. आधी १ जानेवारी १९९५ ची रेघ, मग १ जानेवारी २००० ची, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. एका रात्रीने माणूस रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे. ३१ डिसेंबरला आलास तर नागरिक, २ जानेवारीला आलास तर अतिक्रमण. ही रेघ सरकत गेली, म्हणजे ती सरकते. ती निसर्गाची असती तर सरकली असती का? सरकवणारे हात आहेत, आणि ते हात मोर्चे निघाले, निवडणुका आल्या, तेव्हा हलले.

कामाच्या ठिकाणची रेघ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुम्ही कुणी कॉल सेंटरला, कुणी डिलिव्हरीला. तिथे टाइमलाइन म्हणजे कुठलं काम किती वाजता संपलं पाहिजे. ह्या पट्ट्यांच्या तक्त्याला हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं नाव आहे, शंभरएक वर्षांपूर्वीचा तो. त्याच्या आधीच्या तक्त्यांमध्ये दर कामगाराच्या नावापुढे दर दिवसाची खूण असायची. नेमून दिलेलं काम पुरं करून बोनस मिळवला तर काळी, हुकला तर लाल. आता ती लाल पट्टी तुमच्या मोबाइलात आली, दहा मिनिटांत माल पोचवायच्या जाहिराती लागल्या, आणि सिग्नल तोडतो तो तुम्ही. रेघ कुणी आखली? कुणी नाही, ॲपनेच. खिडकीतली बाई आठवली ना?

मोबाइलवरची दुसरी टाइमलाइन, ज्यात तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत अंगठा घासता, तिच्यावर मी फार बोलत नाही. एवढंच सांगतो की ती टाइमलाइनच नाही. फेसबुकने २०११ मध्ये ते नाव घेतलं, जन्मापासून सगळं मांडा म्हणाले. ट्विटरवर आधी ताजं ते वर, त्याच्या खाली जुनं, असा निदान काळाचा क्रम होता. २०१६ पासून कंपनीचं गणित ठरवायला लागलं काय वर, काय खाली. आज त्या कंपनीचं नावही एक्स झालंय. म्हणजे काळ काढून टाकला आणि पाटी तेवढी काळाची ठेवली. मोर्चा काल होऊन गेलेला असतो आणि त्याचं बोलावणं तुम्हाला आज दिसतं.

एडिटिंग करणारा तो आपला पोरगा मागे बसलाय, त्याची टाइमलाइन मात्र खरी. क्लिपा ओळीने ठेवायच्या, पुढच्या-मागच्या कापायच्या. त्याला विचारा, कात्री कुठे लावली ह्यावर सगळं असतं. ११ जुलै १९९७. घाटकोपरची रमाबाई नगर. सरकारी बाजूची क्लिप कुठून सुरू झाली? हायवेवरचा जमाव, गॅसचे टँकर, त्यांना धोका, म्हणून गोळीबार. वस्तीची क्लिप त्याच्या आधी सुरू होते: सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार. दहा माणसं गेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ मध्ये, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. बारा वर्षं भांडण कशाचं होतं? पुष्कळसं ह्याचंच, की त्या सकाळची पहिली ओळ कुठली. वकील लोक अर्जासोबत तारखांची यादी जोडतात ना, त्यात पहिली तारीख कुठली घालायची ह्यावर निम्मा खटला असतो. पोलीस ठाण्यात जबाब देताना म्हणून 'काल काय झालं' असं विचारलं तर कालपासून सुरू करू नका. जिथून सुरू झालं तिथून सांगा, आणि तसंच लिहून घ्यायला लावा. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

संपलं की नाही, हेही रेघच ठरवते. माझा बाप गिरणीत होता. कुठल्या ते सोडा, आता तिथे काच आहे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. ही तारीख सगळ्या पुस्तकांत सापडते. संप संपल्याची तारीख शोधा. नाही सापडणार, कारण संप मागे घेतला असं अधिकृतपणे कधी कुणी जाहीरच केलं नाही. प्रीस्टलीच्या हिशेबाने उजव्या टोकाला ठिपके. बाप पुढे भाजीची गाडी लावायचा, वॉचमनकी करायचा, आणि कुणी विचारलं काय करता, तर म्हणायचा, "संपावर आहे." आम्ही पोरं हसायचो. त्याने रेघ सोडलेली नव्हती.

आता कामाचं बोलतो, घड्याळ बघतोय मी.

आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे तारखा नाहीत असं आपण समजतो. आहेत. पानशेत फुटलं ते साल, १९६१. कोयनेचा भूकंप, १९६७ चा डिसेंबर. बाहत्तरचा दुष्काळ, खडी फोडायची आणि सुकडी खायची. दीक्षेचं साल, १९५६, तेव्हा कोण कडेवर होतं आणि कोण पोटात, हे त्यांना विचारा. आत्याने झेंड्यावरून आणि सुगीवरून महिना काढून दिला, तशी प्रत्येक घरात एक आत्या आहे. ती एकटीच कोतवाल बुक आहे, आणि तिलाही वाळवी लागतेय.

तर पुढच्या रविवारी इथेच बसायचं. चार्टपेपर आणू नका, तो लहान पडतो. किराणा दुकानातला तपकिरी कागदाचा मोठा गुंडाळा आणा, चोपन्न फूट झाला तरी चालेल, गल्लीत उलगडू. पेन्सिल आणा, पेन नको, कारण पहिल्या दिवशी चुकणार, म्हाताऱ्या एकमेकींशी भांडणार, एक म्हणेल आधी लगीन, दुसरी म्हणेल आधी पूर. भांडू दे. दोघींचं लिहा, ज्याचं नक्की नाही तिथे ठिपके द्या. सगळ्यांना रेघ, कुणी प्रसिद्ध आहे का विचारायचं नाही. जन्मलेलं आणि लगेच गेलेलं पोरसुद्धा, नाव नसलं तरी 'मुलगा', 'मुलगी' म्हणून. आणि शेजारच्या रकान्यात कागद कुठला आहे ते: दाखला, रेशनकार्ड, गिरणीचं कार्ड, कोतवाल बुकाची नक्कल, नाहीतर नुसतं 'आत्या म्हणाली'. ज्यांच्या पोरांची बारावी दोन वर्षांवर आहे, त्यांनी आत्ताच सुरू करा. तहसिलीच्या पाच फेऱ्या धरून चाला.

आत्याला मी आणतो. तिला जिना उतरवायला दोघं जण लागतील, कोण येणार ते सांगा. पाणी आलं वाटतं. हंडे लावा, मी थांबतो.